मोलर मास काढताना पोरं नक्की अडतात कुठे? (अकरावी केमिस्ट्री)

गोरेगावकरीण
लेक यंदा अकरावी सायन्सला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्लिशमधनं, पण ते ती निभावतेय, त्याची काळजी नाही. अडतंय ते मोलर मासला (म्हणे पदार्थाच्या एका मोलचं, म्हणजे ठरावीक इतक्या कणांचं, ग्रॅममधलं वजन; फॉर्म्युल्यातल्या अणूंच्या वजनांची बेरीज करून काढतात). पाणी १८, मीठ ५८.५, कार्बन डायऑक्साइड ४४ हे पटापट सांगते. कंस आला की गडबड, आणि मध्ये टिंब आलं की डोक्याला हात लावून बसते. काल मोरचुदाचं (कॉपर सल्फेट) काढत होती, सीयूएसओ४.५एच२ओ, आणि उत्तर आलं १४,३५५. एका मोलला चौदा किलो! मला केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नाही पण चौदा किलो काहीतरी चुकतंय एवढं कळलं. मी कॉमर्सवाली, ताळेबंद द्या जुळवून देते. कोणी नीट समजावून सांगेल का, म्हणजे मी तिला सांगेन नाहीतर तिलाच हा धागा वाचायला देईन.
(खालचे बारीक आकडे इथे टाइप होत नाहीत, तसेच लिहिलेत, समजून घ्या.)

आगाऊ_कार्टं
१४ किलोचा मोल म्हणजे टेम्पोच करावा लागेल प्रॅक्टिकलला. (काकू, दिवा घ्या.)
जागा पकडून बसतोय, मलाही हे कधीच कळलं नव्हतं.

लॉगटेबल
काकू, टिंब म्हणजे अधिक. गुणिले नाही, आणि दशांश चिन्ह तर नाहीच नाही. तिने १५९.५ (सीयूएसओ४: ६३.५ + ३२ + ६४) गुणिले ९० (पाच पाणी: ५ × १८) केलंय, म्हणून १४,३५५. सीयूएसओ४ एक आणि त्याच्याबरोबर पाण्याचे रेणू पाच, म्हणून १५९.५ + ९० = २४९.५. अजून एक, तो ५ अख्ख्या पाण्याला लागतो, नुसत्या एच२ ला नाही. तिथे पण लोक १० + १६ करून २६ मिळवतात आणि १८५.५ लिहून मोकळे होतात.
आणि सरळ पूर्णांक घ्यायला सांगा तिला. ऑक्सिजन १६, कार्बन १२, नायट्रोजन १४, फक्त क्लोरीन ३५.५ आणि कॉपर ६३.५. सीईटीला फिजिक्स केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत आणि कॅल्क्युलेटर नाही, तिथे १५.९९९ करत बसली तर संपलं.

खडू_फळा
टिंबाचं लॉगटेबलने बरोबर सांगितलंय. पण मुलगी अडतेय ती बेरजेत नाही. फॉर्म्युला वाचून व्हायच्या आधीच ती वजनं टाकायला लागते. ज्युनियर कॉलेजात हेच शिकवण्यात जन्म गेला माझा, दर वर्षी नवी बॅच आणि तीच चूक.

तिला सांगा, पहिल्या ओळीत वजनाला हातच लावायचा नाही. फक्त खानेसुमारी करायची, घरात कोण किती माणसं. एएल२(एसओ४)३ घ्या. ॲल्युमिनियम किती? २. सल्फर? कंसाबाहेरचा ३ कंसातल्या प्रत्येकाला लागतो, म्हणून ३. ऑक्सिजन? ४ त्रिक १२. झाली मोजणी. आता दुसऱ्या ओळीत वजनं: २ × २७ = ५४, ३ × ३२ = ९६, १२ × १६ = १९२. बेरीज ३४२ ग्रॅम प्रति मोल. मुलं काय करतात, २७ लिहितात, मग २ दिसतो, मग ३२ लिहितात, मग कंसाबाहेरचा ३ दिसतो आणि तो नुसत्या ऑक्सिजनला लावून टाकतात. एकाच ओळीत दोन कामं केली की हे होणारच.

हात बसला की मग गटाची वजनं पाठ करायची. पाणी १८, ओएच १७, एनएच४ १८, एनओ३ ६२, सीओ३ ६०, एसओ४ ९६, पीओ४ ९५. एवढी सात तोंडावर असली की अकरावी-बारावीचं निम्मं काम होतं. कॅल्शियम फॉस्फेट, सीए३(पीओ४)२, म्हणजे १२० + १९० = ३१०, तोंडी. मोहर सॉल्टला मुलं घाबरतात कारण फॉर्म्युला लांबलचक आहे, एफईएसओ४.(एनएच४)२एसओ४.६एच२ओ, पण त्यात दोन टिंबं आहेत म्हणजे तीन तुकडे आहेत, एवढंच. १५२ + १३२ + १०८ = ३९२.

रच्याकने, फॉर्म्युला चुकला की पुढचं सगळं चुकतं ही भानगड फक्त अकरावीच्या मुलांची नाही. खुद्द डाल्टनने पाणी एचओ धरलं होतं, एकास एक. त्यामुळे ऑक्सिजनचं वजन हायड्रोजनच्या १६ पट निघायच्या ऐवजी त्याच्या मोजमापांत ७ पट निघत होतं, आणि मोजमाप अगदी अचूक असतं तरी ८ च्या पुढे गेलं नसतं. ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये वाट दाखवली होती पण कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथे कॅनिझारोने तेच नेटाने मांडलं, तेव्हा कुठे आकडे जागेवर यायला लागले. तोवर एकाच पदार्थाचे वेगवेगळे फॉर्म्युले लिहिले जात होते.

आगाऊ_कार्टं
म्हणजे डाल्टन पण नापास. बरं वाटलं.

क्यूसीवाला
तळोज्याला फार्मा कंपनीच्या क्यूसीत (क्वालिटी कंट्रोल) आहे, दिवसभर हेच करतो म्हणून लिहितोय. पनवेल लोकलमधनं टाइप करतोय, चुका पोटात घाला.

लॉगटेबल, पूर्णांकाचं म्हणतोयस ते परीक्षेपुरतं ठीक आहे, आमच्याकडे असं केलंस तर दुसऱ्या दिवशी रिव्ह्यूअर वही परत पाठवेल. कॉपर ६३.५४६, सल्फर ३२.०६, ऑक्सिजन १५.९९९, हायड्रोजन १.००८, असं धरून मोरचुदाचं २४९.६८ येतं. पण खरं सांगू का, २४९.५ आणि २४९.६८ मध्ये फरक ०.०७ टक्के. आणि पाणीच विसरलास, १५९.६ धरलंस, तर फरक ३६ टक्के. म्हणजे लोक दशांशावरून भांडतात आणि खरी बोंब बाटलीच्या लेबलवर असते.

बारावीच्या प्रॅक्टिकलचंच बघा. ऑक्झॅलिक ॲसिडचं ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) सोल्यूशन, २५० मिली. पुस्तकात फॉर्म्युला एच२सी२ओ४, म्हणून ९० धरलं, २.२५ ग्रॅम तोललं. पण बाटलीत असतं ते पाणीवालं, एच२सी२ओ४.२एच२ओ, लेबलवर फॉर्म्युल्याच्या खाली बारीक अक्षरात एम.डब्ल्यू. (मोलेक्युलर वेट) १२६.०७ छापलेलं असतं. तोलायला हवं होतं ३.१५ ग्रॅम. आता त्या पोराचं सोल्यूशन ०.१ नाहीच, ०.०७१ आहे, टायट्रेशन (ब्युरेट नावाच्या नळीतून थेंबथेंब सोडून सोल्यूशनची ताकद मोजणं) कितीही हात न हलवता केलं, शेवटचा थेंब कितीही जपून सोडला तरी रीडिंग चुकीचंच येणार आणि तो ब्युरेटला शिव्या घालणार. म्हणून पहिलं काम बाटली हातात घेऊन लेबल वाचायचं. पुस्तकातला फॉर्म्युला आणि बाटलीतला माल एकच असतो असं काही नाही.

बाल्कनीतली_शेती
+१. झाडांच्या फवाऱ्यासाठी मोरचूद आणायला प्रिन्सेस स्ट्रीटला गेले होते, तिथे दुकानदाराने पहिला प्रश्न हाच विचारला, निळं देऊ की पांढरं. पांढरं म्हणजे पाणी काढलेलं. मला वाटलं पांढरं म्हणजे जास्त शुद्ध असेल.

क्यूसीवाला
नाही हो, पांढऱ्यावर पाण्याचा थेंब टाका, तिथल्या तिथे निळं होतं. आणि झाडांसाठी जिथे जिथे मोरचुदाचं माप लिहिलेलं असतं ते निळ्याचंच असतं, त्या मापाने पांढरं घातलंत तर तांबं दीडपटीहून जास्त पडेल, झाडं करपतील.

अणुरेणू
वर सगळे मोलर मास, नुसतं वजन, मोलेक्युलर वेट (म्हणजे रेणुवस्तुमान) सरसकट एकाच अर्थाने वापरतायत म्हणून लिहितो. रेणुवस्तुमान एका रेणूचं, ते 'यू' मध्ये (अणूंची वजनं सांगायचं एकक) सांगायचं. मोलर मास एका मोलचं, म्हणजे ६.०२२१४०७६ × १०^२३ कणांचं, ते ग्रॅम प्रति मोलमध्ये. आकडा तोच येतो म्हणून घोळ होतो. आणि मिठात एनएसीएल नावाचा सुटा रेणू नसतोच, सोडियम आणि क्लोराइड आयनांची (विद्युतभार असलेल्या कणांची) जाळी असते, तिथे फॉर्म्युला मास म्हणायचं. शिवाय २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच बदललीय. आधी १२ ग्रॅम कार्बन-१२ मधले अणू म्हणजे एक मोल असं होतं, आता वर दिलेला आकडाच नेमका ठरवून टाकलाय. त्यामुळे कार्बन-१२ चं मोलर मास अगदी काटेकोर बोलायचं तर बरोब्बर १२ राहिलं नाही, ते प्रयोगाने मोजायची गोष्ट झालीय.

लॉगटेबल
फरक किती पडतो?

अणुरेणू
दशांशानंतर आठ-नऊ घरं सोडून.

लॉगटेबल
🙏

खडू_फळा
अणुरेणू, मुद्दे बरोबर आहेत, पण अकरावीच्या मुलीला आत्ता यातलं एकच पुरे: एकक लिहायचं. ३४२ नाही, ३४२ ग्रॅम प्रति मोल. एकक नसेल तर तपासणारा मार्क कापतो आणि त्याचं काही चुकत नाही.

अजून एक सापळा आहे तो कोणी लिहिला नाही. 'ऑक्सिजनचा एक मोल' असं आलं की मुलं १६ लिहितात. हवेतला ऑक्सिजन ओ२ असतो, ३२. नायट्रोजन २८, क्लोरीन ७१. प्रश्नात अणू विचारलेत की रेणू, ते बोट ठेवून वाचायचं. फॉस्फरस पी४ म्हणजे १२४, गंधक एस८ म्हणजे २५६, हे मुद्दाम टाकतात पेपरात.

आणि ३५.५ का, हे पण तिला सांगून ठेवा, म्हणजे विसरणार नाही. क्लोरीनचे अणू दोन प्रकारचे, शंभरातले साधारण ७६ हे ३५ वजनाचे आणि २४ हे ३७ वजनाचे. (७६ × ३५ + २४ × ३७) ÷ १०० केलं की ३५.४८. अर्धा अणू वगैरे काही भानगड नाही, सरासरी आहे.

पार्लेकर_काकू
माझा प्रश्न थोडा अवांतर आहे पण मघापासून वाचतेय तर विचारूनच टाकते. ह्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्यांच्या पाकिटावर एके ठिकाणी १२५० मिलिग्रॅम लिहिलंय आणि त्याच्याच खाली ५०० मिलिग्रॅम. डॉक्टर म्हणाले ५०० ची घ्या, मेडिकलवाला म्हणतो हीच ५०० ची. मग १२५० कसलं? ह्याचा तुमच्या ह्या बेरजांशी काही संबंध आहे का?

क्यूसीवाला
काकू, अवांतर कसलं, अगदी हाच विषय आहे. गोळीत कॅल्शियम कार्बोनेट असतं, सीएसीओ३. कॅल्शियम ४०, कार्बन १२, ऑक्सिजन ४८, बेरीज १००. म्हणजे कार्बोनेटच्या १०० भागांत कॅल्शियम ४० भाग, बाकी ६० कार्बन आणि ऑक्सिजन. १२५० चे ४० टक्के काढा, ५००. पाकिटावर १२५० च्या पुढे कॅल्शियम कार्बोनेट असं असेल आणि ५०० च्या आधी 'इक्विव्हॅलंट टू एलिमेंटल कॅल्शियम' असं काहीतरी, चष्मा लावून बघा. मेडिकलवाला बरोबर आहे.

सगळ्या गोळ्यांचं मात्र असं नसतं. शुगरवाल्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर ५०० लिहिलेलं असतं ते मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइडचं, त्या क्षाराचं मोलर मास १६५.६ आणि नुसत्या मेटफॉर्मिनचं १२९.२, म्हणजे खरं मेटफॉर्मिन ३९० च्या आसपास. यात फसवाफसवी काही नाही, डोस ठरवतानाच क्षाराच्या वजनावर ठरवलेला असतो. उगाच हिशेब करून गोळ्या वाढवू नका, डॉक्टरांनी सांगितलंय तेच घ्या.

पार्लेकर_काकू
बघितलं, अगदी तसंच लिहिलंय. ह्यांना वाचून दाखवलं. मेडिकलवाल्यावर उगाच तोंड टाकलं होतं ह्यांनी.

लालबागचा_पोऱ्या
आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात पीओपीची पोती येतात, त्यावर पण एक फॉर्म्युला असतो, त्यात पाण्याच्या आधी चक्क अर्धा लिहिलेला असतो. अर्धा रेणू कसा काय असतो राव? आता सर म्हणतायत अर्धा अणू नसतो.

खडू_फळा
छान प्रश्न. सीएएसओ४.½एच२ओ. अर्धा रेणू कुठेच नसतो, दोन कॅल्शियम सल्फेटमागे एक पाणी असा हिशेब आहे तो, काही पुस्तकं तसंच लिहितात, (सीएएसओ४)२.एच२ओ. १३६ + ९ = १४५. पाणी घालून घट्ट झालं की ते जिप्सम होतं, सीएएसओ४.२एच२ओ, १३६ + ३६ = १७२. म्हणजे १४५ ग्रॅम पावडरला २७ ग्रॅम पाणी प्रत्यक्षात बांधलं जातं. किलोला १८६ ग्रॅम.

लालबागचा_पोऱ्या
१८६ ग्रॅममध्ये तर मळून पण होणार नाही! आम्ही त्याच्या कितीतरी पट घालतो, नाहीतर साच्यात ओतणार कसं.

खडू_फळा
बरोबर, ते जादाचं पाणी ओतता यावं म्हणून. ते बांधलं जात नाही, नुसतं अडकून बसतं आणि मग हळूहळू उडून जातं. म्हणून तर मूर्ती घट्ट झाली तरी रंगवायच्या आधी वाळवावी लागते ना तुम्हाला?

लालबागचा_पोऱ्या
हो ना, पावसाळ्यात तर वाळता वाळत नाही, पंखे लावून बसतो.

क्यूसीवाला
पावसाळ्यावरून आठवलं. सोडियम हायड्रॉक्साइड, ४० ग्रॅम प्रति मोल, सगळ्यात सोप्पं मोलर मास. आणि मुंबईच्या जुलैत ते तोलून बघा. काट्यावर ठेवलं की आकडा थांबतच नाही, चढतच राहतो, गोळ्यांवर ओलसर चकाकी येते आणि तोलेतोवर कागदाला चिकटतात. तुम्ही ४ ग्रॅम लिहिता पण त्यात हवेतलं पाणी किती ते कोणालाच ठाऊक नाही. मग ४० चा आकडा कितीही बरोबर असो, उपयोग काय. म्हणून एनएओएच अंदाजाने तोलायचं आणि मग केएचपीने (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, ते २०४.२) स्टँडर्डाइझ करायचं, म्हणजे त्याच्याशी ताडून नेमकी ताकद काढायची. केएचपी कोरडं ठेवता येतं, हवेतलं पाणी ओढत नाही.

धुण्याचा सोडा ह्याच्या उलट. कोरड्या हवेत स्वतःचं पाणी सोडतो, एनए२सीओ३.१०एच२ओ चा स्फटिक पांढरी पूड होऊन बसतो. २८६ चा १२४, नऊ पाणी गेलं, एक राहिलं. जुनी उघडी बाटली असेल तर आत नक्की काय आहे ते देव जाणे.

गोरेगावकरीण
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्स. लेकीला मोबाइल देऊन बसवलं, सरांची दोन ओळींची पद्धत वापरून मोहर सॉल्ट, कॅल्शियम फॉस्फेट सगळी बरोबर आली, मोरचूद पण २४९.५. आता मॅडम उलट मलाच प्रश्न विचारतायत. तुरटीचा फॉर्म्युला तिला दोन ठिकाणी दोन दिसला. क्लासच्या नोट्समध्ये केएएल(एसओ४)२.१२एच२ओ, आणि माझ्या भावाच्या जुन्या पुस्तकात के२एसओ४.एएल२(एसओ४)३.२४एच२ओ. पहिल्याचं ४७४ आलं, दुसऱ्याचं ९४८. तिचं म्हणणं एका पदार्थाची दोन मोलर मास कशी असतील, कुठलंतरी एक पुस्तक चुकलंय.

लॉगटेबल
क्लासचं बरोबर. जुनं पुस्तक रद्दीत टाका.

खडू_फळा
थांबा, रद्दीत काही टाकू नका. दोन्ही बेरजा बरोबर आहेत आणि प्रश्न फार छान विचारलाय मुलीने, शाब्बास सांगा तिला. ९४८ म्हणजे ४७४ ची बरोब्बर दुप्पट आहे हे तिने बघितलंय का? जुन्या पुस्तकात दोन क्षारांचे दोन तुकडे जसेच्या तसे शेजारी ठेवलेत, पोटॅशियम सल्फेट एक, ॲल्युमिनियम सल्फेट एक, आणि पाणी २४. सगळ्याला दोनने भाग जातो, भागून लिहिलं की नोट्समधला फॉर्म्युला.

तुरटीतही मिठासारखेच आयन, त्यामुळे 'तुरटीचा एक मोल' म्हणताना एक कण कशाला धरायचं ते फॉर्म्युला ठरवतो. फॉर्म्युला बदलला की मोल बदलला. समोरचा तुरटीचा खडा आहे तेवढाच आहे. ९४.८ ग्रॅम तुरटी पहिल्या हिशेबाने ०.२ मोल, दुसऱ्या हिशेबाने ०.१ मोल, पण त्यात ॲल्युमिनियम किती ग्रॅम ते दोन्हीकडून काढलं तर ५.४ च येणार. तिलाच काढून बघू दे. आजकाल सगळीकडे ४७४ वालं चालतं, परीक्षेत तेच लिहावं, आणि फॉर्म्युला प्रश्नात दिला असेल तर दिलेलाच वापरावा.

गोरेगावकरीण
काढलं तिने. ०.२ मोलमध्ये ॲल्युमिनियमचे ०.२ मोल, गुणिले २७, ५.४. दुसऱ्यात ०.१ मोल, पण प्रत्येकात दोन दोन ॲल्युमिनियम, परत ५.४. खूश आहे.

आगाऊ_कार्टं
आता माझं एक. वर सरांनी ॲल्युमिनियम सल्फेटचं ३४२ काढलं. घरातल्या अजून एका पदार्थाचं पण ३४२ येतं. ओळखा.

लॉगटेबल
साखर. सी१२एच२२ओ११. १४४ + २२ + १७६.

आगाऊ_कार्टं
ह्या, दोन मिनिटं तरी थांबायचंस रे.

खडू_फळा
आता मुलीला विचारा, ग्लुकोज १८० आणि फ्रुक्टोज १८० जोडून साखर बनते, मग ३६० का नाही येत?

गोरेगावकरीण
ती म्हणतेय जोडताना एक पाणी बाहेर पडत असणार, १८ कमी झालेत म्हणून. बरोबर का सर?

खडू_फळा
बरोबर.

बाल्कनीतली_शेती
सर, खतांच्या पिशवीवर पी२ओ५ आणि के२ओ चे टक्के लिहितात ते पण असंच काढतात का? आत तर तसलं काही नसतं म्हणे.

खडू_फळा
असंच काढतात, पण त्याला वेगळा धागा काढा, इथे फार लांबेल. काढलात की लिंक द्या, येतो.